दारावर दुसऱ्याच गाडीचा नंबर

गाडी विकायला काढली आणि पहिलंच गिऱ्हाईक मला चोर समजून निघून गेलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण नजर कळते ना. तरुण मुलगा होता, पहिलीच गाडी घेत होता, सोबत त्याचे काका होते आणि काकांच्या हातात टॉर्च होता. भर दुपारी टॉर्च घेऊन आलेला माणूस बघितल्यावरच मला कळायला पाहिजे होतं की हे प्रकरण नुसता चकाचक रंग बघून खूश होणाऱ्यातलं नाही. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, टायरला लाथ मारली नाही, सीटवर बसून हॉर्न वाजवला नाही. सरळ ड्रायव्हरचं दार उघडलं, खाली वाकले आणि बी पिलरवर, म्हणजे दार बंद केलं की ज्या खांबाला जाऊन बसतं तिथं, टॉर्च मारला.

"अहो, इथलं स्टिकर कुठाय?"

मी म्हटलं कसलं स्टिकर. खरंच माहीत नव्हतं, इतकी वर्षं रोज ते दार उघडून आत बसलो असेन पण तिथं काय लिहिलंय ते कधी वाचलं असेल तर शपथ. मग त्यांनी टॉर्च दाराच्या कडेवर वळवला, तिथं लॉकच्या खाली बोटभर लांबीचं एक स्टिकर होतं, मुंगीच्या अक्षरात नंबर. फोनमध्ये फोटो काढला, मोठा केला, माझ्याकडून रजिस्ट्रेशनचे कागद मागून घेतले आणि एकेक अक्षर जुळवत बसले. सुरुवातीची अक्षरं जुळली, मी निवांत. मग पुढं एक चुकलं, दोन चुकली, आणि शेवटचे सहा आकडे तर पूर्णच वेगळे निघाले.

"गाडी तुमची आहे म्हणताय, दार मात्र दुसरंच काहीतरी सांगतंय," एवढं बोलून त्यांनी टॉर्च बंद केला, पुतण्याला डोळ्यानं खुणावलं आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

आता यात झोल काही नव्हता, पण तो दिसायला झोलच होता हे मला मान्य आहे. तीन वर्षांपूर्वी गाडीला बाजूनं ठोकर बसली होती, ड्रायव्हरचं दार चेमटलं आणि पिलरही थोडा आत गेला. नवीन दार महाग पडत होतं आणि यायला वेळ लागणार होता, तेव्हा गॅरेजवाल्यानं स्क्रॅपमधून त्याच मॉडेलचं, त्याच रंगाचं दार मिळवून दिलं. पिलर ओढून सरळ केला, पुट्टी मारली, घासला, रंगवला. घासताना पिलरवरची दोन्ही स्टिकरं गेली, आणि स्क्रॅपचं दार आलं ते आपल्या मूळ गाडीच्या नंबरासकट आलं. म्हणजे जिथं माझ्या गाडीची ओळख असायला हवी तिथं कोरा रंग आणि जिथं होती तिथं ती दुसऱ्याची. मी गाडी ताब्यात घेताना फक्त शेड जुळली का ते बघितलं, आणि ती पण नीट जुळली नव्हती, त्याचं कारण मला आत्ता तीन वर्षांनी कळलं. रंगाचा कोड त्याच स्टिकरवर असतो. त्यांनी आधी स्टिकर घासून टाकलं आणि मग अंदाजानं रंग मिसळला.

काका गेल्यावर दोन दिवस चिडचिड केली, मग म्हटलं बघूया तरी हे नक्की काय लफडं असतं.

आपण ज्याला चॅसिस नंबर म्हणतो तोच आजकालच्या गाड्यांमध्ये व्हीआयएन असतो, सतरा अक्षरांचा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. त्यामुळे कोणी कागदावर ओ लिहून दिला असेल तर तो शून्यच, डोळे झाकून दुरुस्त करा. असे नंबर १९५४ पासून गाड्यांवर यायला लागले पण तेव्हा प्रत्येक कंपनीचा आपला आपला कारभार, कोणाचा लांब कोणाचा आखूड. आयएसओ या जगभरासाठी मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ३७७९ नंबरचं स्टँडर्ड १९७७ मध्ये काढलं आणि अमेरिकेनं १९८१ च्या मॉडेलपासून सतरा अक्षरं सक्तीची केली, तिथून पुढं जरा शिस्त आली. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात, मधली मॉडेल, बॉडी, इंजिन असलं काय काय सांगतात, आणि शेवटची अक्षरं त्या एकट्या गाडीची. म्हणून तर काकांची पहिली अक्षरं जुळली आणि शेपूट जुळलं नाही. एकाच कंपनीचं एकच मॉडेल, पण गाड्या दोन.

दहावं अक्षर बऱ्याच कंपन्या मॉडेलच्या वर्षासाठी वापरतात. १९८० ला ए, १९८१ ला बी असं करत २००० ला वाय, मग २००१ पासून एक ते नऊ आकडे, आणि २०१० ला परत ए. तीस वर्षांनी चक्र फिरून तिथंच येतं. दाराच्या स्टिकरवरचं दहावं अक्षर बघितलं तर ते दार माझ्या गाडीपेक्षा दोन वर्षांनी लहान निघालं. म्हणजे म्हाताऱ्या गाडीला तरुण दार. त्याच्या काचेच्या कोपऱ्यातला कोडसुद्धा बाकीच्या तीन काचांपेक्षा वेगळा होता, हे मी तीन वर्षं रोज काच खाली-वर करताना बघितलेलं नाही.

सगळ्यात भारी नववं अक्षर. सगळ्या कंपन्या ते पाळत नाहीत, युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत तिथं नुसतं भरीचं अक्षर टाकलेलं असतं, पण उत्तर अमेरिकेच्या नियमानं बनलेल्या नंबरात ते चेक डिजिट, म्हणजे नंबर लिहिताना झालेली चूक पकडणारं अक्षर असतं आणि माझ्या गाडीच्या नंबरात ते होतं. प्रत्येक अक्षराला एक किंमत, प्रत्येक जागेला एक वजन, दोन्ही गुणायचे, सगळी बेरीज करायची, अकरानं भागायचं आणि बाकी उरेल ती नवव्या जागी असली पाहिजे. बाकी दहा आली तर तिथं एक्स. रात्री वही घेऊन बसलो, बायको म्हणाली आता गाडीची पत्रिका मांडतोयस का. पत्रिकाच होती ती एक प्रकारची. रजिस्ट्रेशनच्या कागदावरचा नंबर घेतला, बाकी बरोबर आली. मग अपघाताच्या क्लेमचा जुना कागद काढला, त्यावरच्या नंबराची बेरीज केली तर बाकी एकनं चुकली. परत केली, परत एकनं चुकली. मग दोन्ही नंबर एकाखाली एक लिहिले तेव्हा दिसलं की सातव्या जागी माझ्या गाडीत बी आहे आणि क्लेमच्या कागदावर कोणीतरी आठ टाईप केलाय. बी ची किंमत दोन, आठाची आठ, फरक सहाचा, सातव्या जागेचं वजन दोन, गुणले की बारा, आणि बाराला अकरानं भागलं की बाकी एक. शाळेत गणितात काठावर पास झालेला माणूस रात्री साडेअकराला एकटाच हसत होतो.

यात पण फसगत आहे बरं का. सतरा वेळा नुसता एक लिहिला तरी तो नंबर या परीक्षेत पास होतो, वजनांची बेरीज ८९ आणि बाकी एक, बसा करून बघा. त्यामुळे बाकी बरोबर आली म्हणजे गाडी खरी असं अजिबात नाही, लिहिताना चूक झाली नाही एवढंच कळतं. चोर काही नंबर मनानं बनवत नाहीत, ते तुमच्यासारख्याच मॉडेलच्या, तुमच्याच रंगाच्या खऱ्या गाडीचा नंबर उचलतात आणि चोरीच्या गाडीवर लावतात. बाकी शंभर टक्के बरोबर येणार.

आणि इथंच मला काकांचा राग येणं बंद झालं.

मग सुरू झालं ते माझी गाडी माझीच आहे हे दाखवायचं काम. आता मालक मी आहे हे कागद सांगतात, पण कागदात लिहिलेली गाडी हीच आहे हे कोण सांगणार? ते लोखंडच सांगणार. स्टिकर ही त्या लोखंडाची झेरॉक्स, असं मी तरी आता धरतो. माझ्या गाडीत नंबर ठोकलाय पुढच्या प्रवाशाच्या सीटखाली, कार्पेटचा एक तुकडा झाकणासारखा कापून ठेवलाय तो उचलला की खाली दिसतो. म्हणजे दिसायला पाहिजे. प्रत्यक्षात तिथं वर्षानुवर्षाची माती, एक जुनं नाणं आणि कसलंतरी बिस्किट. जुन्या टूथब्रशनं घासलं, ओल्या कपड्यानं पुसलं, वाळू दिलं, आणि पातळ कागद ठेवून पेन्सिल प्रिंट काढला. पहिल्या दोन प्रिंटमध्ये नुसतं काळं. हात हलका पाहिजे आणि पेन्सिल आडवी धरायला पाहिजे, टोक वापरलं की कागद फाटतो. तिसऱ्या वेळी एकेक अक्षर पांढरं उमटत वर यायला लागलं आणि सातव्या जागी तो बी आला, दोन पोटं, सरळ पाठ. आठाला कुठली आलीय पाठ.

ठोकलेल्या नंबराची एक गोष्ट मला फार आवडली. नंबर घासून सपाट केला तरी तो पूर्ण मरत नाही. ठोकताना खालचं पोलाद दाबलं जातं आणि तो दाब अक्षराच्या खाली खोलवर राहतो, त्यामुळे वरचा थर घासून गुळगुळीत केला आणि त्यावर ठरावीक ॲसिड लावलं की दाबलेला भाग आणि न दाबलेला भाग वेगळा गंजतो आणि नंबर भुतासारखा परत दिसतो. फॉरेन्सिकवाले पोलादासाठी फ्राय रीएजंट म्हणून एक द्रावण वापरतात, कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं. हे घरी करायचं नसतं हे सांगायची गरज पडू नये, पण काही लोकांचं सांगता येत नाही.

मग डॅशबोर्डच्या कोपऱ्यातली धातूची पट्टी, जी बाहेरून काचेतून वाचता येते. तिथं नंबर तर बघायचाच पण रिव्हेटही बघायचे, बऱ्याच गाड्यांत ते फुलाच्या पाकळ्यांसारखे खास असतात. तिथं साधे गोल पॉप रिव्हेट किंवा स्क्रू दिसला तर गाडी तिथंच सोडून घरी जा. माझे ठीक होते. मग इंजिन नंबर, तो तेलाच्या काळ्या थराखाली, त्याचं वर्णन करत नाही. मग मित्राकडचं ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र लावलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये. त्यात सर्व्हिस ०९ मध्ये गेलं की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःचा व्हीआयएन सांगतो, म्हणजे जर साठवलेला असेल तर, जुन्या गाड्यांत नसतो. माझ्या गाडीनं सांगितला आणि तो सतराच्या सतरा अक्षरं जुळला. फक्त एक लक्षात ठेवा, कोणी सेकंडहँड ईसीयू, म्हणजे हाच कॉम्प्युटर, बसवला असेल तर तोही माझ्या दारासारखाच दुसऱ्याचं नाव सांगणार, त्यावरून लगेच कोणाला चोर ठरवू नका. सीट बेल्टच्या मुळाशी शिवलेलं लेबल असतं, त्यावर तारीख असते, तीही गाडीच्या वयाला धरून निघाली. हा काही पुरावा नव्हे, पण चार साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत म्हटल्यावर पाचवा कशाला खोटं बोलेल.

एवढं सगळं घेऊन गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याला प्रकार सांगितला तर तो म्हणतो, "एवढंच ना, सोप्पंय. दारावरचं हीट गन मारून काढून टाकतो, आणि पिलरला तुमच्या नंबरचं छापून देतो, एक जण आहे आपला, कंपनीसारखंच करतो."

खरं सांगतो, दोन मिनिटं मोह झाला. पंधरा मिनिटांत काम, विषय संपला. पण आता मी बेरजा केलेला माणूस होतो. पहिली गोष्ट म्हणजे असे नंबर काढणं किंवा बदलणं बऱ्याच देशांत सरळ गुन्हा आहे, अमेरिकेत तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरं म्हणजे कंपनीचं स्टिकर असं निघतच नाही. ते मुद्दाम ठिसूळ फिल्मचं बनवलेलं असतं, सोलायला गेलात की तुकडे पडतात, आणि काहींचा ठसा खालच्या रंगावर उतरतो, तो अतिनील दिव्याखाली नंतरही दिसतो. म्हणजे काकांनी पुढच्या वेळी साध्या टॉर्चऐवजी निळा टॉर्च आणला असता की मी कायमचा मेलो असतो. आत्ता माझ्याकडे दुसऱ्या गाडीचं दार होतं, ते काढलं असतं तर माझ्याकडे पुरावा नष्ट केलेलं दार झालं असतं. बारा वर्षं जुन्या गाडीत कोरं करकरीत चकचकीत स्टिकर, अक्षरं किंचित जाड, बारकोड स्कॅन होत नाही, हे नसलेल्या स्टिकरपेक्षा शंभरपट वाईट दिसतं.

अमेरिकेत १९८४ मध्ये कायदा झाला, त्यानं चोरांच्या आवडत्या गाड्यांच्या मोठ्या पार्टांवर नंबर टाकणं आलं, इंजिन, गिअरबॉक्स, दारं, बॉनेट, फेंडर, बंपर वगैरे. चोरीची गाडी तोडून पार्ट विकणाऱ्यांना अडचण व्हावी म्हणून. कंपनीकडून नवीन पार्ट घेतला तर त्यावर गाडीचा नंबर नसतो, आर असं अक्षर असतं, रिप्लेसमेंटचं. त्यामुळे दारावर आर दिसला म्हणजे दार बदललंय एवढंच, त्यात लाजायचं काही नाही. उलट मी म्हणेन असा मालक कागदोपत्री चोख. माझं दार स्क्रॅपचं म्हणून त्यावर आख्खा जुना नंबर.

तर ठरवलं की दाराला हात लावायचा नाही. गॅरेजवाल्याला म्हटलं मला फक्त त्या दाराची पावती दे. तो म्हणे तीन वर्षं झाली साहेब. म्हटलं शोध. चौथ्या दिवशी सापडली, स्क्रॅपवाल्यानं त्या पावतीवर कुठल्या गाडीचं दार आहे त्याचा नंबर लिहिला होता, निम्मा पुसट पण शेवटचे सहा आकडे स्वच्छ, आणि ते दाराच्या स्टिकरशी जुळत होते. या एका चिठोऱ्यानं माझं निम्मं काम झालं. तुम्ही कधी जुना पार्ट घेतलात तर पावतीवर मूळ गाडीचा नंबर लिहूनच घ्या, आणि ती पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, तिथली शाई उन्हानं उडते.

पिलरच्या स्टिकरसाठी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या काउंटरवरच्या मुलीला मी काय मागतोय ते आधी कळलंच नाही, तिनं दोनदा विचारलं की सर स्टिकर म्हणजे मागचा लोगो का. मग आतून एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांना लगेच कळलं. ते म्हणाले दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. टायरमधल्या हवेचं आणि रंगाच्या कोडचं लेबल साध्या पार्टसारखं मागवता येतं. नंबरवालं लेबल मात्र कोणालाही देत नाहीत, काही कंपन्या तर देतच नाहीत, दिलं तर कंपनीतूनच छापून येतं आणि त्याला मालकीचे कागद, ओळखपत्र, ठोकलेल्या नंबरचा फोटो, रिपेअरचं बिल आणि जुनं लेबल का गेलं त्याचा लेखी खुलासा लागतो. आणि गाडी समोर उभी पाहिजे. मी फाइल पुढं केली. त्यांनी पेन्सिल प्रिंट उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे तुम्ही स्वतः काढलंत? म्हटलं हो. त्यानंतर त्यांचा आवाज जरा मऊ झाला असं मला उगाच वाटतं.

लेबल यायला जवळजवळ दीड महिना लागला. तोपर्यंत हवेचं लेबल आलं आणि त्यावरून कळलं की मी मागच्या टायरांत तीन वर्षं हवा कमी भरत होतो. असो.

लावायचं काम त्यांच्याच माणसानं केलं, मी शेजारी उभा. पिलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, दोनदा, दुसऱ्या वेळी वेगळं फडकं. रंग ताजा असेल तर लावत नाहीत, कारण रंगातून बरेच दिवस वाफ निघत राहते आणि स्टिकरखाली फोड येतात, माझा रंग तीन वर्षं जुना म्हणून तो प्रश्न नव्हता. मग एक कड टेकवली आणि प्लास्टिकच्या पट्टीनं एका बाजूनं दाबत दाबत नेलं. एकदाच जमतं हे, वाकडं बसलं म्हणून उचलायला गेलात तर फाटणार, ते तसंच बनवलंय. दोन-तीन दिवस तिथं पाणी मारू नका म्हणाला. आणि त्यांनी जॉब कार्डवर लिहून दिलं की अमुक तारखेला लेबल बदललं, जुनं दुरुस्तीत नष्ट, ठोकलेला नंबर तपासला. मला स्टिकरपेक्षा ते जॉब कार्ड जास्त मोलाचं वाटतं.

क्लेमच्या कागदावरचा तो आठ दुरुस्त करून घ्यायला वेगळे तीन फोन आणि दोन ईमेल लागले. त्याबद्दल लिहीत नाही, डोकं तापतं.

मग काकांना फोन केला. नंबर होता माझ्याकडे. त्यांना म्हटलं गाडी अजून विकलेली नाही, एकदा परत येऊन बघा, आवडली नाही तर जाऊ द्या पण बघा. आले बिचारे, पुतण्या पण आला, टॉर्च पण आला. मी पहिल्यांदा दारच उघडून दाखवलं, म्हटलं हे बघा हे दार दुसऱ्या गाडीचं आहे, ही त्याची पावती. मग पिलर, मग जॉब कार्ड, मग सीटखालचा कार्पेटचा तुकडा उचलला. काका गुडघ्यावर बसले आणि मोठ्यानं एकेक अक्षर वाचायला लागले, पुतण्या कागदावर बोट ठेवून हो म्हणत होता. सातव्याला काका थांबले, टॉर्च जवळ नेला.

"आठ आहे का बी?"

"बी," मी म्हटलं. "पाठ बघा."

सतरा झाली. काका उठले, गुडघे झटकले, फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाले, सगळं आहे हो, दुसरी किल्ली कुठाय?

ती मी आज सकाळपासून शोधतोय.